हात न लागलेली वस्तू : जतन, जीर्णोद्धार आणि साक्ष

१

दादरच्या हिंदू कॉलनीतील एका गल्लीत एक जुनी फियाट ११०० उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जे ‘११०० डी’ प्रारूप तयार होऊ लागले, त्यातील ही गाडी आहे. सुकाणूच्या दांड्यालाच गिअर, पुढे सलग एक बाक. तिचा मूळचा करडा रंग बोनेटवर उन्हाने दुधाळ झाला आहे, आणि चालकाच्या बाजूच्या दारावर, खिडकीतून कोपर बाहेर टेकण्याच्या जागी, रंग झिजून खालचा पत्रा गुळगुळीत दिसू लागला आहे. गाडी बंद पडलेली नाही. रविवारी सकाळी तिचे मालक तिला पाच उद्यानांपर्यंत नेऊन आणतात.

एकदा प्रस्तुत लेखकाच्या समक्ष जवळच्या गॅरेजमधील एका तरुण मिस्त्रीने त्यांना विचारले, “काका, पंधरा दिवस द्या. पत्रा ठोकतो, लांबी भरतो, रंग मारतो. कंपनीतून निघाली तशी करून देतो.”

काका हसले. म्हणाले, “कंपनीतून निघाली तशी ती एकदाच निघाली, बाळ. आता तू करशील ती तुझी गाडी होईल.”

हे उत्तर वरवर पाहता म्हाताऱ्या माणसाचे चोचले वाटण्याजोगे आहे. परंतु त्यात एक पूर्ण युक्तिवाद दडलेला आहे, आणि तो मोटारीपुरता मर्यादित नाही. मूळ स्थितीत टिकून राहिलेल्या, कुणीही ‘दुरुस्त करून पूर्ववत’ न केलेल्या वस्तूविषयी आपल्याला जो विशिष्ट आदर वाटतो, तो नेमका कशाविषयीचा असतो? वस्तूच्या एखाद्या गुणाविषयी, तिच्या मालकाविषयी, की केवळ योगायोगाविषयी? आणि तो आदर नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे काय? संहितेचे संपादन, पाठनिश्चिती, दप्तरांची छपाई यांच्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. किंबहुना आपण तो रोज सोडवत असतो. फक्त तो नैतिक प्रश्न आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

२

या आदराचे सर्वांत ठळक आणि काहीसे विक्षिप्त रूप अमेरिकेत दिसते. १९६० च्या दशकात तेथील कारखान्यांनी मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवून ज्या गाड्या तरुणांना विकल्या, त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ, १९६६ ची डॉज चार्जर, १९६८ ची प्लिमथ रोड रनर ही त्यांतील प्रसिद्ध नावे. जीटीओचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे होते. त्याच वर्षी कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते. म्हणजे एका जीटीओच्या पोटात जवळजवळ सहा फियाट मावल्या असत्या. अमेरिकी मोटार मुंबईला अपरिचित होती असे नव्हे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात प्रारंभी क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ जोडल्या. परंतु साठच्या दशकात आयातीवरील निर्बंधांमुळे तो ओघ आटला, आणि अमेरिकेत इंजिने फुगत असताना मुंबई छोट्या फियाटवर स्थिरावली. मसल कार आपल्याकडे आली ती मुख्यतः पडद्यावरून.

या गाड्यांचे युग अल्पजीवी ठरले. १९७० चा हवेच्या शुद्धतेविषयीचा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चा तेलाचा पेचप्रसंग यांनी ते संपवले. पुढे त्या जुन्या गाड्या गोळा करून, पार सुट्या करून, नव्या रंगाने आणि नव्या क्रोमने झळाळत्या करण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आणि मग, काहीशा अनपेक्षितपणे, रसिकांची रुची उलटी फिरली. जिला कुणी हात लावलेला नाही, जिचा रंग कारखान्यातला आहे, जिच्या आसनाचे कापड विरले असले तरी मूळचे आहे, अशी गाडी झळाळत्या गाडीहून श्रेष्ठ मानली जाऊ लागली. अशा गाड्यांना ‘तगून राहिलेली’ या अर्थाचे खास नाव मिळाले, त्यांच्यासाठी प्रदर्शनांत स्वतंत्र वर्ग निघाले. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटातील पाठलागात वापरलेली हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडात लिलावाला आली तेव्हा ती गंजलेली, रंग उडालेली, अशीच उभी केली होती. मधल्या काळात एका कुटुंबाने ती घरगुती गाडी म्हणून वापरली होती. तिच्यावर चौतीस लाख डॉलरची बोली लागली. ती नव्यासारखी करून आणली असती तर तिची किंमत वाढली नसती, घटली असती, याविषयी जाणकारांत दुमत नव्हते.

या रुचिपालटाचे कारण केवळ बाजारात शोधून चालणार नाही. त्यामागे ज्ञानाचा एक व्यवहार आहे. जुन्या गाड्या पूर्ववत करणारे कारागीर, कारखान्यात एखादी गोष्ट प्रत्यक्षात कशी केली जात होती हे जाणून घेण्यासाठी, हात न लागलेल्या गाडीकडेच जातात. तेथे त्यांना काय दिसते? चासीवर कामगाराने खडूने केलेल्या खुणा. तपासनिसाने रंगीत पेन्सिलीने ओढलेली रेघ. घाईत मारलेल्या रंगाचा आतल्या बाजूला सुकलेला ओघळ. एका बाजूला थोडी अधिक, दुसऱ्या बाजूला थोडी कमी राहिलेली दाराची फट. पूर्ववत केलेल्या गाडीत हे काहीच नसते. तिचा रंग कारखान्यातल्याहून सरस असतो, फटी मोजून सारख्या केलेल्या असतात. ती मूळ गाडीहून चांगली असते, आणि म्हणूनच ती मूळ गाडीविषयी खोटे बोलते. ती जे पुसते ते केवळ वय नव्हे. पाळी संपण्याच्या सुमारास दमून काम करणाऱ्या कुणा अनाम कामगाराचा हात ती पुसते.

माझ्या मते हा मुद्दा निर्णायक आहे, आणि पुढील विवेचन त्याच्याच आधारे केले आहे.

३

जीर्णोद्धाराविषयीचा युरोपीय वाद एकोणिसाव्या शतकाइतका जुना आहे. फ्रेंच वास्तुविद व्हिओले-ल-द्यूक याची भूमिका अशी की, वास्तू पूर्ववत करणे म्हणजे तिला अशा पूर्णत्वाला नेणे, जे कदाचित कोणत्याही एका क्षणी प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हते. ही भूमिका मांडताना त्याला संकोच वाटला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. जॉन रस्किनने १८४९ मध्येच याच्या नेमक्या उलट टोकाला जाऊन असे प्रतिपादन केले होते की, वास्तूचा जीर्णोद्धार हा तिचा विनाश आहे. गेलेल्या कारागिराचा हात परत आणता येत नाही, आणि तो आणल्याचा आव आणणे ही फसवणूक आहे. १९०३ मध्ये आलोइस रीगल या कलेतिहासकाराने या भांडणाला मूल्यमीमांसेचे रूप दिले. वस्तूच्या नवेपणाचे एक मूल्य असते, तिच्या ऐतिहासिक पुराव्याचे दुसरे, आणि निव्वळ वय दिसण्याचे तिसरे. ही मूल्ये परस्परविरोधी असू शकतात, म्हणून त्यांतील एक राखताना दुसरे गमवावे लागते. रीगलने असेही दाखवून दिले की नवेपणाचे आकर्षण सर्वसामान्य आहे. वयाचे आकर्षण मात्र आधुनिक काळात घडलेले आहे.

हाच वाद आपल्या क्षेत्रात ‘पाठचिकित्सा’ या नावाने वावरतो. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आलेली भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. भारतीय विद्येतील हे असामान्य काम आहे. तथापि चिकित्सित संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. ती निरनिराळ्या प्रतींच्या साक्षीवरून घडवलेली आहे. म्हणजे व्हिओले-ल-द्यूकच्या इमारतीप्रमाणेच, ती एका क्षणी कदाचित नव्हतीच. फरक इतकाच, आणि तो फार मोठा फरक आहे, की सुखठणकरांनी आपली घडण लपवली नाही. मान्य पाठाखाली त्यांनी अमान्य पाठांची चळत छापली. ज्याला त्यांचा निर्णय पटत नाही, त्याला तो उलटवण्याचे साहित्य त्यांनीच हाती दिले. त्यांनी गाडी पूर्ववत केली, परंतु काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून शेजारी ठेवला.

याच्या तुलनेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, केलेली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पाहावी. तिच्यामागील निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ती झाली नसती तर ग्रंथ अधिकच विस्कटला असता. परंतु त्यांनी अशुद्ध म्हणून जे दूर केले ते काय होते, हे त्यांच्या शुद्ध प्रतीवरून कळत नाही. विसाव्या शतकात राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि तिच्याभोवती दीर्घ वाद झाला. त्या वादामागची भूक हीच होती. शुद्ध पाठ हाती असूनही अभ्यासकाला ‘हात न लागलेला’ पाठ हवा होता. तो अधिक सुंदर असेल म्हणून नव्हे, तर ज्या प्रश्नांची उत्तरे शुद्ध पाठ देऊ शकत नाही ती त्यात असू शकतील म्हणून.

४

येथे प्रस्तुत लेखकाला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे, कारण हा प्रश्न त्याच्यापुरता तात्त्विक राहिलेला नाही.

माझे एक मामा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. साताऱ्याकडचे, चौथीपर्यंत शिकलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, तेव्हापासून त्यांनी सुमारे दीड वर्ष एका दोनशेपानी वहीत रोज चार-सहा ओळी लिहिल्या. उसनवारी, रेशन, सभा, गावाहून आलेले तांदूळ, कुणाचे घर मोडले, कुणी मुलगी गावी पाठवली. ते गेल्यानंतर एका स्थानिक स्मरणिकेसाठी ती वही मी छापण्यायोग्य करून दिली. तेव्हा मी नुकताच एम. ए. झालो होतो आणि शुद्ध मराठीविषयी माझी मते पक्की होती. मामांनी ‘गिरनी’ लिहिले होते, मी ‘गिरणी’ केले. ‘नाहीं’, ‘कां’, ‘घरीं’ यांवरचे अनुस्वार त्यांच्या जुन्या शाळामास्तरांनी शिकवलेले होते. १९६२ च्या नियमांनुसार मी ते काढले. ‘व्हतं’चे ‘होते’ झाले. वाक्ये लांबत होती, ती तोडली. मजकूर छापून आला, सर्वांना आवडला. मूळ वही घरात काही वर्षे होती. नंतर जागा बदलताना, ‘आता छापलेलेच आहे’ म्हणून, ती रद्दीत गेली. ती रद्दीत घालण्यास माझी संमती होती.

बऱ्याच वर्षांनी एका संशोधक विद्यार्थिनीने मला एक साधा प्रश्न विचारला. “सर, यात सगळीकडे ‘आमचा संप’ असंच आहे. त्यांनी पहिल्यापासून असंच लिहिलं होतं का?”

नव्हते लिहिले. मला स्पष्ट आठवत होते की वहीत कुठे ‘आपला संप’ होते, कुठे ‘आमचा’, आणि शेवटी शेवटी कुठे तरी नुसतेच ‘संप’. मला ती शिथिलता वाटली होती. एकसारखेपणा यावा म्हणून मी सर्वत्र ‘आमचा’ केले होते. मराठीत ‘आपला’ आणि ‘आमचा’ यांत केवढे अंतर आहे हे व्याकरणाचा कोणताही विद्यार्थी जाणतो. ‘आपला’ म्हणताना ऐकणाराही आत असतो. ‘आमचा’ म्हणताना तो बाहेर राहतो. वहीशी बोलणारा तो माणूस कोणत्या महिन्यात ‘आपला’वरून ‘आमचा’वर आला, आणि सर्वनामच कधी गळून पडले, हे त्या संपाविषयी कोणत्याही अहवालाने न सांगितलेले काही सांगू शकले असते. तो पुरावा चाळीस पैशांच्या शाईत होता. मी तो सुधारला.

त्या विद्यार्थिनीला मी खरे ते सांगितले. परंतु तेव्हा माझ्या लक्षात आले की माझी चूक अज्ञानाची नव्हती. ‘आपला’ आणि ‘आमचा’ यांतील भेद मला तेव्हाही ठाऊक होता. माझी चूक अशी की, जे प्रश्न मला सुचले नाहीत ते कुणालाच सुचणार नाहीत असे मी गृहीत धरले. जीर्णोद्धाराचे नैतिक वैगुण्य नेमके येथे आहे. तो वस्तूला आजच्या ज्ञानाच्या मापाने पूर्ण करतो आणि उद्याच्या प्रश्नांचे तोंड बंद करतो. हिंदू कॉलनीतील काकांच्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला: माझ्या हातून गेल्यावर ती वही माझी झाली होती.

५

तथापि एवढ्यावरून ‘हात न लागणे’ हाच सद्‌गुण ठरवला तर आपण दुसऱ्या, आणि आपल्या समाजात अधिक धोकादायक अशा, खड्ड्यात पडू.

मसल कारविषयीच्या आदरात एक विसंगती आहे, तिच्याकडे रसिक सहसा पाहत नाहीत. ही गाडी बनवली होती ती सिग्नल हिरवा होताच टायर जाळत सुटण्यासाठी. जी गाडी आपल्या स्वभावाप्रमाणे वागली ती बहुधा झाडावर आदळली, किंवा झिजून भंगारात गेली. जी आज मूळ स्थितीत उभी आहे, ती बऱ्याचदा गॅरेजमध्ये आच्छादनाखाली राहिल्यामुळे टिकली. म्हणजे जिला आपण त्या युगाची अस्सल प्रतिनिधी म्हणतो ती त्या युगाचा अपवाद होती. ग्रंथालयात काम केलेल्या कुणालाही हा न्याय परिचित आहे. सर्वांत सुस्थितीतील प्रत बहुधा कुणी न वाचलेल्या पुस्तकाची असते. लोकप्रिय पुस्तकाची पहिली आवृत्ती फाटून नाहीशी झालेली असते. टिकून राहिलेल्या वस्तूंवरून काळाचे चित्र काढणारा इतिहासकार, न वापरलेल्या वस्तूंचा इतिहास लिहीत असतो.

शिवाय ‘हात लागलेला नाही’ ही प्रशंसा मराठी कानाला निष्पाप वाटू नये. आपल्याकडे या शब्दांना सोवळ्या-ओवळ्याचा फार जुना वास आहे. स्पर्शाने वस्तू उणी होते, न शिवलेली ती श्रेष्ठ, हा विचार आपण स्वयंपाकघरात, देवघरात आणि पाणवठ्यावर शतकानुशतके राबवला. ज्यांच्या हातांनी सर्व वस्तू घडत होत्या त्यांचाच हात त्याने निषिद्ध ठरवला. तेव्हा अस्पर्शित वस्तूचे कौतुक करताना आपण जुनेच सोवळे नव्या कपाटात घडी घालून ठेवत नाही ना, हे तपासणे आवश्यक आहे.

म्हणून आदराच्या विषयाचे पृथक्करण केले पाहिजे. एखादी वस्तू मूळ स्थितीत टिकते तिची तीन कारणे संभवतात. पहिले, निव्वळ दैव: ती माळ्यावर पडून राहिली, कुणाचे लक्ष गेले नाही. दुसरे, ऐपत: मालकाला ती वापरण्याची गरज नव्हती, ठेवायला जागा होती, दुसरी गाडी घेण्याइतका पैसा होता. तिसरे, संयम: वस्तू वापरात होती, बदलण्याची संधी आणि दडपण दोन्ही होती, तरीही जेवढे आवश्यक तेवढेच केले आणि बाकीचे राहू दिले. दैवाचे आपण आश्चर्य मानावे; ऐपतीची फार तर नोंद घ्यावी. नैतिक आदर मात्र तिसऱ्यालाच उचित आहे. मराठीतील ‘जपणे’ हे क्रियापद या भेदाला नेमके धरते. आपण कुलूपबंद केलेली वस्तू ‘ठेवतो’. जी हाताळावी लागते, आणि हाताळताना जिची काळजी घ्यावी लागते, ती ‘जपतो’. हिंदू कॉलनीतील त्या फियाटच्या दारावर कोपराने झिजलेला पत्रा आहे, हेच तिच्या बाजूचे सर्वांत बळकट प्रमाण होय. तिला हात लागलेला आहे. पन्नासहून अधिक वर्षे एकाच घरातील माणसांचा हात लागतो आहे.

यातून दुरुस्तीचेही दोन प्रकार वेगळे काढता येतात. काकांनी त्या गाडीचे ब्रेक, टायर, बॅटरी अर्थातच बदलले आहेत. ही डागडुजी. तिचे तोंड उद्याकडे असते: गाडी उद्या चालावी. जीर्णोद्धाराचे तोंड कालकडे असते: गाडी काल जशी होती असे आपल्याला वाटते तशी दिसावी. डागडुजी आपली खूण लपवत नाही, कारण तिला कुणाला फसवायचे नसते. पॅन्टला लावलेले ठिगळ ठिगळच दिसते.

६

येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. मूळ वस्तूविषयीची ही आस्था युरोपीय आहे. आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे, असे कुणी म्हणेल. दादरहून चालत जाण्याच्या अंतरावर, प्रभादेवीला, १८०१ साली उभारलेले सिद्धिविनायकाचे छोटे मंदिर होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या जागी बहुमजली नवी वास्तू उभी राहिली. भक्तांना त्यात मूळ हरवल्यासारखे वाटत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मूळ म्हणजे दगड-विटा नव्हेत, अखंड चाललेली पूजा होय. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय: आस, चाके, की दांडी? यांपैकी काहीच रथ नाही; ‘रथ’ हे त्यांच्या जुळणीला दिलेले केवळ व्यवहारनाम आहे. आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी होती तीच शेवटच्या प्रहरी असते काय, या प्रश्नावर तो म्हणतो की ती तीच नव्हे, आणि वेगळीही नव्हे. मग मूळ रंगाच्या पापुद्र्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

हा आक्षेप मला मान्य आहे, परंतु तो वरील भूमिकेला छेद देत नाही, तिला अधिक अचूक करतो. नागसेनाचा दृष्टांत वस्तूच्या एकात्मतेविषयी आहे. ‘ही तीच गाडी आहे काय?’ या प्रश्नाला तो उत्तर देतो, आणि ते उत्तर मुक्त करणारे आहे. माझा प्रश्न निराळा आहे: ‘ही गाडी कुणाची साक्ष देते?’ ज्योत अखंड असली तरी पहिल्या प्रहरी किती तेल होते हे शेवटच्या प्रहरी ज्योतीला विचारून कळत नाही. सातत्य आणि साक्ष ही दोन स्वतंत्र मूल्ये आहेत. पूजेला सातत्य पुरते. इतिहासाला आणि न्यायाला साक्ष लागते.

वणीच्या सप्तशृंगीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदराचा जाड लेप २०२२ मध्ये उतरवण्यात आला आणि आतील रूप दिसले. मूळ कोणते? कोरणाऱ्याची छिन्नी मूळ म्हणावी, तर लेप हा विकार ठरतो. परंतु तो लेप म्हणजे असंख्य भक्तांच्या हातांची, कित्येक पिढ्यांची, एकावर एक बसलेली साक्ष नव्हती काय? लेप उतरवणे मूर्तीच्या रक्षणासाठी आवश्यक असू शकते, आणि तसे असेल तेव्हा ते करावेच. मात्र एक साक्ष वाचवताना आपण दुसरी साक्ष खर्च करतो आहोत, याची जाणीव करणाऱ्याला असली पाहिजे. ती जाणीव असली की तो जे काढले त्याची नोंद ठेवतो. ती नसली की तो वही रद्दीत घालतो.

७

हा विचार शेवटी मुंबईच्या एका अगदी अलीकडच्या प्रसंगावर पारखून पाहावा. फियाट ११०० चीच वंशज असलेली प्रीमियर पद्मिनी अनेक दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिचा व्यवसाय संपला. शहराने हळहळ व्यक्त केली, छायाचित्रे काढली. निदान एक तरी टॅक्सी जतन करावी अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनेही केली होती.

मागणी रास्त आहे. परंतु कोणती टॅक्सी जतन करायची? आणि कोणत्या दिवसाची? कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती टॅक्सी नव्हतीच, निव्वळ मोटार होती. बॉनेटच्या डाव्या कडेला झेंड्याचे यांत्रिक मीटर असण्याचा काळ निराळा, आत इलेक्ट्रॉनिक मीटर आल्याचा निराळा. मूळ पेट्रोलवर चालणारी निराळी, डिकीत वायूची टाकी आल्याने प्रवाशाचे सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले ती निराळी. जीर्णोद्धार करणारा यांतील एक दिवस निवडेल आणि बाकीचे पुसेल. संग्रहालयात ती लखलखीत उभी राहील, आणि आपण म्हणू, अशी होती बरे आपली टॅक्सी. तशी ती कधीच नव्हती. अमेरिकी रसिकाच्या निकषावर तर ही टॅक्सी पहिल्याच फेरीत बाद होईल: इंजिन दोनदा उतरवलेले, पत्र्यावर चार थर रंग, आसनांवर फुलाफुलांचे प्लास्टिक, एका दाराला दुसऱ्याच गाडीची मूठ.

साक्षीच्या निकषावर मात्र उत्तर उलटे येते. शेवटच्या दिवशी, शेवटचे भाडे सोडल्यावर, ती जशी उभी होती तशीच ती ठेवावी. आरशाला लटकवलेल्या तसबिरीसह, सुकाणूवर गुंडाळलेल्या दोरीसह, चालकाच्या पाठीने खोलगट झालेल्या गादीसह, कुठल्या तरी नाक्यावरच्या मिस्त्रीने पावसाळ्याआधी घाईघाईने मारलेल्या ठिगळासह. ती ठिगळे म्हणजे त्या गाडीला लागलेले डाग नव्हेत. ती तिची टीपाग्रंथी आहे. ज्याला कमाईसाठी गाडी रोज रस्त्यावर आणावी लागते त्याला आच्छादनाखाली अस्सलपणा राखण्याची चैन परवडत नाही. त्याचा अस्सलपणा डागडुजीतच असतो, आणि वस्तूंच्या इतिहासात त्याची नोंद राहण्याचा तोच एक मार्ग आहे.

हिंदू कॉलनीतील फियाट आणि ती टॅक्सी या दोहोंना एकाच आदराच्या कक्षेत आणता येत असेल, तरच तो आदर नैतिक म्हणता येईल. नाही तर तो केवळ संग्राहकाचा शौक होय. आदराचा विषय वस्तूचे कौमार्य नव्हे, तर तिच्यावर उमटलेले परक्यांचे हात, आणि ते हात पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही हे ओळखणारा संयम.

संपादकाची, पाठचिकित्सकाची, अनुवादकाची जबाबदारी याहून वेगळी नाही. पाठ वाचनीय करावा, त्याशिवाय गत्यंतर नसते. गाडी चालली पाहिजे. परंतु जे बदलले ते सांगावे, जे काढले ते शेजारी ठेवावे, आणि जे आपल्याला निरर्थक वाटते ते तसे वाटते एवढ्याच कारणाने टाकू नये. हे तत्त्व मला फार उशिरा समजले. स्मरणिकेतील तो छापील मजकूर अजून माझ्याकडे आहे. त्यात एकही अशुद्ध शब्द नाही. ‘आमचा संप’ हे दोन शब्द त्यात सर्वत्र एकसारखे आहेत, आणि ते कुणी लिहिले असे विचारले तर मला माझेच नाव सांगावे लागेल.